हात राहिले

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

बाबा,

आज सकाळी पावणेदहाला व्हॅन आली. दोन माणसं होती. त्यांनी हॉलमधलं चित्र उतरवलं, आधी पातळ कागदात गुंडाळलं, मग बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये, मग लाकडी खोक्यात ठेवून झाकणाला स्क्रू मारले. माझी सही घेतली आणि गेले. वीस मिनिटंही लागली नाहीत. आई घरी नाही. पुढच्या शनिवारी दिवाळी आहे म्हणून मराठी मंडळाच्या बायका एजवेअरला हॉलमध्ये चकल्या करायला जमल्या आहेत, तिला नऊ वाजता मी तिथे सोडून आले. तिने मुद्दामच आजचा दिवस सांगितला असावा. निघताना बूट घालता घालता चित्राकडे न बघता म्हणाली, "नीट बांधतायत का बघ. आणि त्यांना चहा विचार." विचारला. नको म्हणाले.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, तुम्ही होतात तेव्हाही नाही. तुम्ही तीन महिने अमेरिकेत होतात तेव्हा तुमच्या निळ्या एरोग्रामना आई उत्तर लिहायची आणि खाली मी नुसतं नाव लिहायचे. लिहायची मला सवय नाही. फार्मसीत औषधाच्या डब्यावर दिवसातून तीनदा, जेवणानंतर, एवढंच लिहायचं असतं, आणि आता तेही कॉम्प्युटर छापतो. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, आणि ती आईला सांगता येत नाही.

आधी पुण्याचं लिहिते, कारण तिथूनच सुरू होतं. मी तेव्हा नव्हते, पण तुम्ही सांगितलेलं आठवतं. लग्नाआधी तुम्ही पोर्ट्रेट करून पोट भरायचात. शाळांचे संस्थापक, बँकांचे अध्यक्ष, कुणाचे वडील, कुणाची आई. बहुतेक सगळे गेलेले. घरचे लोक एक छोटा फोटो आणून द्यायचे, कधी लग्नाच्या ग्रुपफोटोतलं नखाएवढं डोकं, आणि सांगायचे, डोळे जरा उघडे करा, गालावरचा चामखीळ नको, बाकी आहेत तसे. तुम्ही म्हणायचात, बारा वर्षांत माझ्यासमोर जिवंत माणूस एकच बसला, नगराध्यक्ष, आणि तो सारखा घड्याळ बघत होता. मग आईला इथे लंडनच्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञाची नोकरी मिळाली आणि तुम्ही तिच्याबरोबर आलात. इथे कुणाला गेलेल्या वडिलांचं ऑइल पेंटिंग नको होतं. तुम्ही एजवेअरला फ्रेमिंगच्या दुकानात कामाला लागलात. आई माणसांना झोपवायची आणि तुम्ही चित्रांना चौकटी ठोकायचात. हे आईचंच वाक्य. पाहुण्यांसमोर ती ते दर वेळी म्हणायची आणि तुम्ही दर वेळी हसायचात.

शनिवारी आईची ड्यूटी असली की मी तुमच्याबरोबर दुकानात यायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. काउंटरच्या मागे उंच स्टूल होतं, त्यावर बसून मी ऑर्डरच्या तिकिटांवर तारखा लिहायचे. तुम्ही आतल्या खोलीत. सगळीकडे सरसाचा आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा वास. एक गुजराती बाई फोटो न्यायला येते आणि मी आत ओरडते, "बाबा, त्या मेलेल्या आजोबांचा फोटो झाला का?" तुम्ही बाहेर येता. हाताला सरस लागलेला आहे म्हणून दोन्ही हात अंगापासून लांब धरलेत. तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नाहीत, तेव्हाही नाही. फक्त म्हणता, "त्यांना नाव आहे. तिकिटावर लिहिलंय. वाच." मी वाचते. "आडनावासकट." मी आडनावासकट वाचते. बाईंना मराठी येत नव्हतं, पण नाव ऐकून त्या माझ्याकडे बघून हसल्या. मला मात्र इतकी लाज वाटली की घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही.

बाबा, त्या एका वाक्यावर मी पंधरा वर्षं नोकरी करते आहे. आमच्या काउंटरवर पोलिश येतात, तमीळ येतात, सोमाली येतात. माझ्या बरोबरीचे लोक पहिलं अक्षर म्हणतात आणि पिशवी पुढे सरकवतात. मी पूर्ण नाव वाचते. चुकलं तर विचारते. म्हातारी माणसं माझ्या रांगेत येऊन उभी राहतात, शेजारची मोकळी असली तरी. मॅनेजर मला एकदा म्हणाला, तुझ्यामुळे रांग हळू सरकते. मी पुढचं नाव वाचलं. तुमचं नाव कशाला सांगायचं त्याला.

त्याच दुकानात ती अमेरिकन बाई आली. साठीच्या पुढची, उन्हाने भाजलेली, हातात चांदीचं जाडजूड कडं. तिच्या चित्रांना चौकटी करून हव्या होत्या. तुम्ही माप घेता घेता तिकिटाच्या मागे पेन्सिलीने तिचा चेहरा काढलात, आणि नेमकं ते तिकीट तिच्याच पार्सलवर लागलं. दुसऱ्या दिवशी ती तिकीट घेऊन परत आली आणि म्हणाली, तुम्ही इथे काय करताय. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात चित्रकारांची एक वसाहत होती, तिथे तिचं मातीच्या विटांचं घर होतं. उन्हाळ्यात एक खोली रिकामी असते, तीन महिने या, असं तिने सांगितलं. तुम्ही घरी येऊन हे असं सांगितलंत की जणू कुणी पत्ता विचारला होता. आई चपाती लाटत होती. म्हणाली, "जा मग."

"तीन महिने?"

"मी इथे आहे ना. तुम्ही जाऊन या एकदाचे. नाहीतर म्हातारपणी मला ऐकवाल."

"तिथे संध्याकाळी थंडी पडते म्हणे."

"म्हणजे स्वेटरही मीच करायचा."

हॉस्पिटलच्या ऑन-कॉल खोलीत बसून तिने दोन आठवड्यांत तो मरून हाफ स्वेटर विणला. तुम्ही तिथे रोज घालायचात, असं तुमच्या पत्रात होतं. त्या पत्रांतलं मला थोडंच आठवतं. इथला उजेड कात्रीने कापल्यासारखा आहे. इथे सावली काळी नसते, निळी असते. इथे बायका दर वर्षी घराच्या भिंती हाताने मातीने लिंपतात, आजीची आठवण झाली. आणि एका पत्रात, रोज सकाळी एक गृहस्थ माझ्यासमोर बसतात, घड्याळ बघत नाहीत.

परत आलात तेव्हा मी तुम्हाला विमानतळावर ओळखलं नाही. काळे झाला होतात आणि बोलत होतात. घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये तुम्ही बोलत होतात, तुमचा आवाज एवढा वेळ मी कधी ऐकला नव्हता. गुंडाळी करून एकच कॅनव्हास आणला होतात. त्या गृहस्थांचं चित्र. पन्नाशीचा, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक माणूस, दोन वेण्या, निळा चौकटीचा साधा शर्ट, मागे मातीची भिंत. चेहरा पूर्ण झालेला, इतका की मी खोलीत कुठेही गेले तरी मला वाटायचं आता हा काहीतरी विचारेल. पण मांडीवर हात होते तिथे नुसता तपकिरी रंग आणि चारदोन रेषा. आईने विचारलं, "यांचे हात कुठे गेले?" तुम्ही म्हणालात, हात राहिले, दिवस संपले.

तुम्ही ते चित्र वरच्या बॉक्सरूममध्ये, सामानाच्या छोट्या खोलीत लावलंत आणि एका रविवारी मला हाक मारलीत. मी बारा वर्षांची होते. तुम्हाला बोटं कशी पडतात तेवढं बघायचं होतं. म्हणालात, माणूस बराच वेळ बसला की हात विसरतो, मग ते खरे पडतात. मला स्टुलावर बसवलंत, उजवा हात डाव्यावर ठेवलात, अंगठा आत. मी बसले. खिडकीतून शेजारच्यांच्या बागेतला वाळत घातलेला टॉवेल दिसत होता. पंधरा मिनिटं झाली असतील. खाली बेल वाजली, माझी मैत्रीण आली होती, आम्ही आइस रिंकला स्केटिंग करायला जाणार होतो. मी म्हणाले, "बाबा, झालं का?"

"हात अजून विसरले नाहीत. थोडं बस."

"तो माणूस इथे आहे का? त्याला काय कळणार आहे, हात कोणाचे ते."

तुम्ही ब्रश खाली ठेवलात. रागावला नाहीत. म्हणालात, "त्याला कळेल." मग म्हणालात, "जा, ती थांबली असेल." मी जिन्यावरून धावत गेले. पुन्हा तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी बॉक्सरूमच्या बाजूने जाताना दार थोडं उघडं असायचं, मी आत बघायचे नाही. मग परीक्षा, मग नवी शाळा. चार वर्षं गेली. तुम्ही एका मंगळवारी दुकानात, माप घेताना, खाली बसलात आणि उठला नाहीत. एकोणपन्नास वर्षांचे होतात.

नंतर फोटो शोधायला लागलो तेव्हा कळलं की तुमचा फोटोच नाही. सगळे फोटो तुम्ही काढलेले, म्हणजे आमचे. पासपोर्टचा एक होता. तो मोठा करून आणला तर आईने उलटा ठेवला. म्हणाली, "हा माणूस व्हिसा मागतोय. हे असे नव्हते." आत्याने पुण्याहून चंदनाचा हार पाठवला होता. तेराव्या दिवशी आईने तो उचलला आणि हॉलमध्ये त्या चित्राला घातला. मधल्या काळात तुम्ही ते चौकटीत बसवून, मागून खाकी कागद चिकटवून, जिन्याजवळ लावलं होतं. मी म्हणाले, "आई, ते जिवंत असतील गं." आई म्हणाली, "मला दुसरं काही सापडत नाही. हे त्यांच्या हातचं आहे, तेच ते." मी तेव्हा वाद घातला नाही. चौकटीत हात नसलेला, दुसऱ्या देशातला एक जिवंत माणूस आमच्या घरी बावीस वर्षं हार घालून बसला होता. मंडळातली नवी मंडळी घरी आली की त्याला नमस्कार करायची. एकदा ब्रॅकनेलहून एक सॉफ्टवेअरवाला मुलगा आणि त्याची बायको आली होती, त्याने विचारलं, "हे सरांचे वडील का?" आई म्हणाली, "त्यांच्याकडचेच."

या ऑगस्टमध्ये पत्र आलं. त्या गृहस्थांच्या मुलीचं. तिकडे शाळेत शिकवते, आता पंचावन्न वर्षांची आहे. लंडनमधल्या एका प्रदर्शनात तिच्या आजोबांचं चित्र लागणार होतं, जुन्या काळातल्या एका चित्रकाराने काढलेलं. ते बघायला ती येणार होती. तुमचा पत्ता तिच्या वडिलांनी जपून ठेवला होता, त्यावर आम्ही अजून राहतो का हे तिला माहीत नव्हतं. मी लगेच उत्तर लिहिलं. पोस्टात टाकून घरी आले आणि समोर हार दिसला. मी आईला म्हणाले, "हार काढून ठेवू या. ते हयात आहेत. मुलगी बघेल."

"बघू दे."

"अगं, जिवंत माणसाच्या चित्राला."

"हार त्यांना नाहीये. यांना आहे. तिला सांग तसं."

मी तिला तसं सांगितलं नाही. सप्टेंबरमध्ये एका गुरुवारी दुपारी ती आली, स्टॅनमोर स्टेशनवरून चालत. हॉलमध्ये पाऊल ठेवलं आणि कोटाचं एक बटण काढून थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा शर्ट माझ्या आईने शिवला होता." आणि मग, "हे गळ्यात काय आहे?" आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, आमच्याकडे आदर म्हणून घालतात. खोटं नाही ते, पण पूर्ण खरंही नाही. तिने हाराला नुसतं बोट लावून वास घेतला, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाली, "बाबांना दाखवते. त्यांना फार आवडेल." आई मला मराठीत म्हणाली, "आता कर काय करायचं ते."

आईने पोहे केले होते. टेबलाशी बसून त्या मुलीने जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तिथे होतात. पण आम्हाला माहीत नव्हतं. तिच्या गावातल्या माणसांना जुने चित्रकार तासावर पैसे देऊन बसवायचे. तिचे आजोबा बसायचे, वडील आठ वर्षांचे असल्यापासून बसायचे. ट्रंकेतून घोंगड्या काढून अंगावर द्यायचे, त्यांच्या गावच्या नव्हेत अशाही, डोक्याला पिसं लावायचे. चित्र विकलं जायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, म्हातारा आणि चिलीम. मुलगा आणि घोडा. नाव कुठेच नाही. ती सुट्टीत वेगवेगळ्या संग्रहालयांत जाते, आपली माणसं ओळखते आणि पाटीवर नाव लिहायला लावते. लंडनलाही त्याचसाठी आली होती. आता ती वसाहत कशी आहे, मी विचारलं. ती हसली. म्हणाली, चित्रकारांच्या घरांत दागिन्यांची दुकानं आहेत, तुमच्या वडिलांच्या खोलीत कॉफी मिळते, शनिवार-रविवारी शहरातून लोक दोन दिवसांत चित्रकला शिकायला येतात. अजूनही कोणी कोणी खरे चित्रकार आहेत, ते गावाबाहेर राहतात, तिथे भाडं कमी आहे. माझ्या वडिलांना अजून विचारतात, बसता का. ते म्हणतात, माझ्या मुलीशी बोला, तिचा रेट जास्त आहे.

"आणि माझ्या नवऱ्यासमोर का बसले?" आईने विचारलं.

"त्यांनी पहिल्या दिवशी नाव विचारलं म्हणून. मग शर्ट बदलू नका म्हणाले."

आईने तिच्या बशीत आणखी पोहे वाढले. मग ती मुलगी सांगायला लागली की तिच्या वडिलांनी चौथ्या दिवशी तुम्हाला विचारलं, तुमच्यासमोर सगळे बसतात, तुम्ही कुणासमोर बसता. तुम्ही म्हणालात, कुणासमोर नाही. मग ते म्हणाले, मी पंचेचाळीस वर्षं बसून बघतोय हे लोक काय करतात, एवढ्यात शिकलो असेन, द्या तो ब्रश. सकाळी ते बसायचे, दुपारी तुम्ही. तुम्ही बसल्या बसल्या गाणी म्हणायचात, तिला कुठली ते सांगता येईना, चाल तिने गुणगुणून दाखवली आणि आई उठून चहा टाकायला गेली. मग त्या मुलीने पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक फळी काढली. पुस्तकाच्या दोन पानांएवढी. त्यावर तुम्ही होतात.

खरं सांगायचं तर तुम्ही नव्हतात. नाक मोठं, एक डोळा वर, केस टोपीसारखे. आईने चष्मा लावून बघितलं, थँक यू म्हणाली, आणि फळी टेबलावर ठेवली. निघताना ती मुलगी दारात म्हणाली, "बाबांनी एक निरोप दिलाय. हात पूर्ण झाले की चित्र पाठवा. त्यांना घाई नाही." कोट घालून झाल्यावर म्हणाली, "पण ते एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत."

म्हणजे ते चित्र आमचं नव्हतंच. तुम्ही ते हात पूर्ण करायला आणलं होतंत, दिलं नव्हतं कुणी तुम्हाला. दार लावून मी हे म्हणाले तर आई म्हणाली, "मी नाही देणार."

"आई, त्यांचं आहे."

"बावीस वर्षं मी त्याला हार घालतेय. आणि बदल्यात काय, हे?" तिने फळी दाखवली. "हे तुझे बाबा नाहीत. हा कोणी इन्स्पेक्टर आहे. हॉलमध्ये हा टांगू?"

आठवडाभर आम्ही त्यावर बोललो नाही. पण मधेच, ती परत पोचल्यावर, तिकडून फोन आला, मुलीचाच. वडिलांनी फोटो बघितला होता आणि विचारलं होतं, तो हार मलाही पाठवाल का, गळ्यात घालायला. मी आईला सांगितलं. बावीस वर्षांत तिला एवढं हादरलेलं मी बघितलं नव्हतं. "जिवंत माणसाला? मुळीच नाही. सांगून टाक तिला खरं काय ते." मी नाही सांगितलं. मला धीर झाला नाही. पुढच्या गुरुवारी मी कामावरून आले तर आई खिडकीशी बसली होती, मांडीवर फळी आणि हातात भिंग, पेपर वाचायचं. म्हणाली, "इकडे ये. खांद्याजवळ बघ." तुमच्या अंगात मरून स्वेटर होता. त्याच्या उभ्या रेघा त्यांनी एकेक काढल्या होत्या, आणि तिसऱ्या रेघेत एका जागी बारीकसा आडवा ठिपका. "उलटा टाका आहे तो. सुलट घालायचा तिथे उलटा पडला. मध्येच ऑपरेशनचं बोलावणं आलं होतं आणि मी घाईत विणला. यांना घालताना दिसला होता, मी म्हटलं उसवते, हे म्हणाले राहू दे, कोण बघतंय." भिंग तिने खाली ठेवलं. "त्याने बघितलं."

मग उठता उठता म्हणाली, "देऊन टाक त्यांचं त्यांना."

हाराच्या ऐवजी तिने शाल काढली, चांगली, तिच्या रिटायरमेंटला मंडळाने दिली होती ती. जिवंत माणसाचा मान करायचा तर शाल-श्रीफळ, म्हणाली. नारळ विमानातून नेऊ देतील का हे तिने मला तीन जणांना फोन करून विचारायला लावलं. शाल एकटीच गेली. आजच्या खोक्यात चित्राच्या मागे घडी घालून ठेवली आहे.

आता ते जे सांगायचं आहे. मागच्या रविवारी चौकट तपासायला मी चित्र उतरवलं. आईने पाणी गरम करायला ठेवलं होतं, आम्ही दोघी स्वयंपाकघरात, चित्र टेबलावर पालथं. मागचा खाकी कागद एका कोपऱ्यातून सुटत होता, म्हणून मी भाजीच्या सुरीने कडेची चिकटपट्टी कापून तो सोडवला. कॅनव्हासच्या मागे तुमचं अक्षर. देवनागरीत त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट. खाली, यांचे. आणि त्याखाली आणखी एक ओळ. आईचा चष्मा वर राहिला होता. तिने विचारलं, "काय लिहिलंय?" मी नाव वाचलं. यांचे, हेही वाचलं. मी म्हणाले, एवढंच आहे. ती म्हणाली, "वाटलंच मला. ह्यांना विसरायला नको म्हणून लिहून ठेवायची सवय." आणि चहा गाळायला वळली. मी नवी पट्टी लावून कागद पुन्हा चिकटवला.

तिसरी ओळ होती, हात राहिले, मुलीला सवड झाली की.

तिकडे ते कुणाला वाचता येणार नाही. आईला मी सांगणार नाही. म्हणजे आता ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. तुम्ही दार उघडं ठेवत होतात ते मला कळत होतं, बाबा. मला वाटायचं, उजेडासाठी असेल. तुम्ही मला पुन्हा हाक मारली नाहीत याचा मी इतकी वर्षं अर्थ लावत होते की तुम्ही माझ्यावर नाराज झालात. तुम्ही नुसते थांबला होतात. हे कळायला मला अडतीस वर्षांचं व्हावं लागलं, आणि तरी कळलं याचंच मला आज बरं वाटतंय, वाईट कमी वाटतंय. हे पत्र मी आई यायच्या आत फाडीन, किंवा औषधांच्या फाइलमध्ये ठेवीन. पाठवायला पत्ता नाही.

भिंतीवर जिन्याजवळ फिकट चौकोन राहिला आहे. त्यात तुमची फळी मी लावली आहे, खूप लहान दिसते. हार आईने परत आल्यावर स्वतः घालायचा म्हणून सांगितलंय, तो मी ओल्या फडक्याने पुसून टेबलावर ठेवला. व्हॅन गेल्यावर मी बॉक्सरूममध्ये गेले. स्टूल अजून आहे, त्यावर व्हॅक्यूम क्लीनरचे पाइप ठेवतो आम्ही. ते खाली ठेवले आणि बसले. उजवा हात डाव्यावर, अंगठा आत. शेजारी आता दुसरे लोक राहतात, त्यांच्या बागेत ट्रॅम्पोलीन आहे. घड्याळ बघितलं नाही. एका वेळी माझ्या लक्षात आलं की मी हातांचा विचार करत नव्हते, आणि खाली बघितलं तर ते तुमच्यासारखे दिसत होते.

मग खाली आले. सकाळची पोह्यांची कढई सिंकमध्ये भिजत पडली होती, ती घासली.